पंचाहत्तर रुपये आणि सात प्रतिज्ञा

नेतृत्वाविषयी अलीकडे पुष्कळ लिहिले जाते आणि त्यात सचोटी व धैर्य या दोन गुणांचा उल्लेख हटकून असतो. मात्र हे गुण बहुधा व्यक्तीचे अलंकार म्हणून वर्णिलेले असतात. अमुक नेता सचोटीचा होता, तमुक धैर्यवान होता, म्हणून त्याची संस्था वाढली, असा सरळ हिशेब मांडलेला असतो. संस्थेच्या प्रत्यक्ष कारभारात हे गुण कोठे दिसतात, असे विचारले की उत्तर फारसे अलंकारिक राहत नाही. वेतन किती घ्यायचे, बाहेरच्या कामातून मिळालेला पैसा कोणाचा मानायचा, एखाद्या संस्थानिकाने दिलेली रक्कम कोणत्या खात्यात जमा करायची, बहुमत आपल्या विरुद्ध गेले तर राहायचे की जायचे, आणि जायचे तर कसे, असल्या रूक्ष प्रश्नांतच त्यांची परीक्षा होत असते.

या दृष्टीने पुण्याच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या पहिल्या काही वर्षांचा इतिहास पुन्हा वाचण्यासारखा आहे. टिळक आणि आगरकर यांच्यातील वाद मराठी वाचकाला शालेय वयापासून ठाऊक असतो, पण तो 'आधी राजकीय की आधी सामाजिक' या सूत्रातच. त्या वादाला एक संस्थात्मक बाजूही होती. ती कमी नाट्यमय असल्यामुळे मागे पडली. प्रस्तुत लेखाचा विषय ती बाजू आणि तिचे पुढे झालेले परिणाम हा आहे.

व्रताचा आरंभ

१८७९ साली डेक्कन कॉलेजात शिकणाऱ्या टिळक आणि आगरकर यांनी सरकारी नोकरी न करता शिक्षणकार्याला वाहून घेण्याचे ठरवले. त्याच सुमारास विष्णुशास्त्री चिपळूणकर सरकारी शाळेतील नोकरी सोडून पुण्यास आले होते. या मंडळींच्या प्रयत्नातून १ जानेवारी १८८० रोजी न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले. चिपळूणकर, टिळक आणि महादेव बल्लाळ नामजोशी हे आरंभापासून होते. वामन शिवराम आपटे लवकरच आले आणि एम. ए. ची परीक्षा आटोपून आगरकरही येऊन मिळाले. १८८१ च्या जानेवारीत 'मराठा' आणि 'केसरी' ही दोन पत्रे निघाली.

पहिली कसोटी लगेच लागली. कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर या पत्रांनी टीका केली आणि तिला आधार म्हणून जी पत्रे छापली ती बनावट ठरली. अब्रुनुकसानीच्या खटल्यात जुलै १८८२ मध्ये टिळक-आगरकरांना चार महिन्यांची साधी कैद झाली. प्रत्यक्षात त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस काढले आणि त्यांवर आगरकरांनी पुढे पुस्तकही लिहिले. चिपळूणकर त्याच वर्षी मार्चमध्ये वारले होते. एक संस्थापक गेलेला आणि दोघे तुरुंगात, अशा स्थितीतही शाळा बंद पडली नाही. याचे श्रेय जसे आपट्यांच्या आणि नामजोशींच्या कर्तबगारीला आहे, तसे या शाळेच्या घडणीलाही आहे. ती एका माणसाची शाळा नव्हती.

२४ ऑक्टोबर १८८४ रोजी डेक्कन एज्युकेशन सोसायटीची रीतसर स्थापना झाली आणि २ जानेवारी १८८५ रोजी फर्ग्युसन कॉलेज निघाले. सोसायटीची खरी नवलाई होती ती आजीव सदस्यत्वाच्या कल्पनेत. वीस वर्षे सेवा करण्याचे वचन, दरमहा पंचाहत्तर रुपये वेतन आणि कारभारात सर्व आजीव सदस्यांना सारखा अधिकार, असे तिचे स्थूल स्वरूप होते. ज्यांना सरकारी नोकरीत किंवा वकिलीत याहून कितीतरी अधिक मिळू शकले असते अशा पदवीधरांनी हे स्वतःहून पत्करले होते. अठराव्या वर्षी बी. ए. झालेले गोपाळ कृष्ण गोखले प्रथम पस्तीस रुपयांवर शिक्षक म्हणून आले आणि १८८६ साली आजीव सदस्य झाले. थोरल्या भावाने तुटपुंज्या पगारातून पैसे वाचवून त्यांचे शिक्षण केलेले होते, हे लक्षात घेतले म्हणजे या त्यागाची किंमत केवळ त्याग करणाऱ्यालाच द्यावी लागत नव्हती हे उमगते.

नियमातील फट

प्रत्येक व्रताला एक अलिखित भाग असतो. तो आपल्या सोबत्यांनाही आपल्यासारखाच समजला आहे असे प्रत्येक जण धरून चालतो. सोसायटीत नेमके हेच घडले.

टिळकांची कल्पना अशी होती की आजीव सदस्य हा जेझुइट पंथाच्या मिशनऱ्याप्रमाणे असावा. त्याने निर्वाहापुरते घ्यावे, आपला सारा वेळ संस्थेला द्यावा आणि बाहेरच्या कामातून काही मिळालेच तर तेही संस्थेच्या सामाईक निधीत टाकावे. आगरकर आणि त्यांच्या बाजूचे सदस्य यांना ही कल्पना इतकी कडक मान्य नव्हती. संस्थेचे काम चोख केल्यावर उरलेल्या वेळात कोणी पुस्तक लिहिले, सार्वजनिक काम केले किंवा थोडे अधिक मिळवले, तर त्यात व्रतभंग कसला, असा त्यांचा प्रश्न होता. आगरकरांना विद्यार्थिदशेपासून दम्याचा विकार होता. संसार होता. वेतनात काही वाढ व्हावी असे त्यांनी म्हटले, त्यात लोभ पाहणे अन्यायाचे होईल.

त्यातच वृत्तपत्रांवरून फूट पडली. सामाजिक सुधारणेविषयी 'केसरी'त मोकळेपणाने लिहिता येत नाही म्हणून १८८७ च्या ऑक्टोबरात आगरकरांनी संपादकपद सोडले आणि १८८८ साली 'सुधारक' काढला. त्याची इंग्रजी बाजू गोखले सांभाळीत. एकाच संस्थेचे आजीव सदस्य दोन पत्रांतून एकमेकांचे खंडन करू लागले. इंदूरच्या होळकर महाराजांकडून मिळालेल्या रकमेवरून आणखी एक तंटा झाला. ती काही सदस्यांना व्यक्तिशः मिळाली असे मानायचे, की संस्थेची समजायची? रक्कम मोठी नव्हती, पण प्रश्न मुळाशी जाणारा होता. शेवटी १८९० साली गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद पत्करले आणि टिळकांच्या मते आता मर्यादा ओलांडली गेली. सभेचे काम वेळखाऊ होते. ते करणारा माणूस आपला सर्व वेळ संस्थेला देतो असे म्हणता येणार नव्हते.

या वादात एका बाजूला तत्त्व आणि दुसऱ्या बाजूला स्वार्थ, अशी वाटणी करणे सोपे आहे, पण ती खरी नाही. टिळक स्वतःही वृत्तपत्रांच्या कामात गुंतलेले होतेच. शुद्ध तर्काने पाहिले तर संपादकाचे काम आणि सभेच्या चिटणिसाचे काम यांत नेमका काय फरक, असे त्यांनाही विचारता आले असते. दुसरीकडे, व्रताचा अर्थ प्रत्येकाने आपापल्या सोयीने सैल करीत नेला तर काही वर्षांनी व्रत उरतच नाही, हे टिळकांचे म्हणणेही खोडून काढता येण्यासारखे नव्हते. दोष माणसांचा कमी आणि नियमाचा अधिक होता. वीस वर्षे आणि पंचाहत्तर रुपये हे आकडे स्पष्ट होते, पण उरलेला वेळ आणि बाहेरची कमाई यांविषयी पुरेसे स्पष्ट असे काही ठरलेले नव्हते. मैत्री घट्ट होती तोवर ही फट कोणाला दिसली नाही. मैत्री उसवली तेव्हा सगळ्यांना तीच दिसू लागली.

जाण्याचे आणि राहण्याचे धैर्य

ऑक्टोबर १८९० मध्ये टिळकांनी राजीनामा दिला आणि डिसेंबरात एक दीर्घ पत्र लिहून आपली कारणे सविस्तर मांडली. संस्थांच्या इतिहासात रुची असणाऱ्या प्रत्येकाने या पत्राचा विचार करावा असे मला वाटते. त्यात रोष आहे, सहकाऱ्यांवर स्पष्ट आक्षेप आहेत आणि आयुष्याचे कार्य म्हणून जे स्वीकारले ते सोडावे लागत असल्याची वेदनाही आहे. परंतु तक्रार नेमकी आहे. मूळ तत्त्व काय होते, त्यापासून कोण केव्हा ढळले आणि बहुमतापुढे आपला उपाय का चालत नाही, हे त्यात क्रमाने येते. कुजबुजीने, गट बांधून किंवा वर्तमानपत्रातून संस्थेची अब्रू काढून त्यांना आपला मुद्दा पुढे रेटता आला असता. त्यांनी तो संस्थेच्या दप्तरात लिहून ठेवला आणि बाहेर पडले.

त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढची आहे. टिळकांनी प्रतिस्पर्धी शाळा वा कॉलेज काढले नाही. विद्यार्थी फोडले नाहीत. पुढे त्यांनी चरितार्थासाठी कायद्याचा वर्ग चालवला आणि दोन्ही पत्रे त्यांच्यावरील कर्जासह स्वतःकडे घेतली. ज्या संस्थेच्या पायाभरणीत आपला दहा वर्षांचा घाम आहे ती मोडून तिच्या विटांवर दुसरी उभारण्याचा मोह त्यांच्यासारख्या लोकप्रिय माणसाला आवरता आला, ही साधी गोष्ट नव्हे. मराठी सार्वजनिक जीवनात फुटलेल्या संस्थांची यादी लांबलचक आहे. त्या यादीत ही संस्था नाही, याचे काही श्रेय तिच्यातून निघून गेलेल्या माणसाला द्यावे लागते.

राहणाऱ्यांचे धैर्य निराळ्या जातीचे होते. आपट्यांच्या निधनानंतर १८९२ साली आगरकर फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. त्यांची मते पुण्यातील सनातनी वर्गाला असह्य होती. त्यांच्या जिवंतपणीच त्यांची प्रेतयात्रा काढण्यापर्यंत विरोधकांची मजल गेली. अशा माणसाच्या कॉलेजात आपली मुले पाठवायची की नाही, हा प्रश्न पालकांच्या मनात आला नसेल असे कसे म्हणावे? आगरकरांनी लेखणी मऊ केली नाही आणि कॉलेजही सोडले नाही. १७ जून १८९५ रोजी, वयाची चाळिशी गाठण्यापूर्वीच, ते वारले. अंत्यविधीचा खर्च कोणावर पडू नये म्हणून त्यांनी थोडे पैसे पुडीत बांधून ठेवले होते असे सांगतात. वेतनवाढ मागितली म्हणून ज्याच्या निष्ठेवर शंका घेतली गेली, त्याच्या दारिद्र्याविषयी मात्र पुढे कोणालाच शंका उरली नाही. टिळकांनी 'केसरी'त लिहिलेल्या मृत्युलेखात जुन्या स्नेहाची आठवण कडवटपणावर मात करताना दिसते.

टिळकांच्या जाण्याने गणिताच्या प्राध्यापकाची जागा रिकामी झाली होती. गोखल्यांनी १८९१ साली तेथे आपले एल्फिन्स्टन कॉलेजातील सहाध्यायी धोंडो केशव कर्वे यांना बोलावले. दोन वर्षांनी कर्व्यांनी विधवेशी विवाह केला आणि पुढे स्त्रीशिक्षणाचे मोठे कार्य उभारले. ते सर्व करीत असताना ते फर्ग्युसनमध्ये गणित शिकवीतच होते आणि १९१४ साली तेथून निवृत्त झाले. बाहेरच्या कामाला आजीव सदस्याने हात लावू नये हा टिळकांचा नियम अक्षरशः पाळला गेला असता, तर हिंगण्याचा आश्रम कदाचित निघालाच नसता. कोणताही नियम कितपत ताणावा याचा विचार करताना हे उदाहरणही समोर ठेवावे लागते.

माफीचा प्रसंग

१८९७ साली गोखल्यांवर जो प्रसंग आला तो संस्थेच्या भिंतींबाहेरचा होता, तरी त्यांच्या पुढच्या संस्थात्मक विचाराची गुरुकिल्ली त्यात आहे. वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी ते त्या वर्षी इंग्लंडला गेले होते. पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तासाठी गोरे सैनिक घरोघर फिरत होते आणि त्यांच्या अत्याचारांची पत्रे गोखल्यांना पोहोचत होती. दोन स्त्रियांवर अत्याचार झाल्याचे आणि त्यांपैकी एकीने जीव दिल्याचे त्यांनी 'मँचेस्टर गार्डियन'च्या प्रतिनिधीला सांगितले. मुंबई सरकारने हा आरोप नाकारला आणि पुरावा मागितला. दरम्यान २२ जूनच्या रात्री रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, पुण्यात धरपकड सुरू झाली आणि जुलैअखेर टिळकांनाही अटक झाली.

गोखले परतले ते या वातावरणात. ज्यांनी पत्रे लिहिली ती माणसे पुढे येऊन साक्ष देण्याच्या स्थितीत नव्हती आणि त्यांची नावे उघड करणे म्हणजे त्यांना सरकारच्या हाती देणे होते. गोखल्यांनी नावे सांगितली नाहीत. आरोप सिद्ध करता येत नाही हे मान्य करून त्यांनी ऑगस्टमध्ये बिनशर्त माफी मागितली. त्यांच्यावर सर्व बाजूंनी टीकेची झोड उठली. अत्याचार झालेच नव्हते असे लोकांना वाटत नव्हते. मग माफी कसली, हा लोकांचा संताप समजण्यासारखा होता. माफी इतकी संपूर्ण असण्याची गरज नव्हती, हा आक्षेप आजही घेता येतो. पण पर्याय काय होते? साक्षीदारांचा बळी देऊन स्वतःचे नाव राखायचे, किंवा पुराव्याशिवाय आरोप रेटत राहायचे. गोखल्यांनी स्वतःचे नाव गमावण्याचा तिसरा मार्ग धरला. त्याच वर्षाअखेर अमरावतीला भरलेल्या काँग्रेसच्या अधिवेशनात त्यांना या नाराजीची झळ लागली. ते सार्वजनिक जीवनातून निघून गेले नाहीत. प्लेगच्या निवारणाच्या कामात स्वयंसेवक म्हणून राबले आणि दोन वर्षांनी मुंबईच्या कायदेमंडळात आले.

त्यानंतर गोखल्यांच्या भाषणांत आकड्यांची जी विलक्षण काटेकोर मांडणी दिसते, तिचा संबंध या प्रसंगाशी लावण्याचा मोह होतो आणि तो अगदी अस्थानी नाही. १९०२ साली मध्यवर्ती कायदेमंडळात अंदाजपत्रकावर त्यांनी केलेल्या भाषणातील आकडे सरकारच्याच दप्तरातले होते. सरकारला ते नाकारता येणार नव्हते.

सात प्रतिज्ञा

त्याच वर्षी गोखले फर्ग्युसनमधून निवृत्त झाले. सोसायटीकडून त्यांना दरमहा तीस रुपये निवृत्तिवेतन मिळू लागले. १२ जून १९०५ रोजी त्यांनी पुण्यात भारत सेवक समाजाची स्थापना केली. नटेश अप्पाजी द्रविड, गोपाळ कृष्ण देवधर आणि अनंत विनायक पटवर्धन हे तिघे त्यांच्याबरोबर पहिले सदस्य झाले.

समाजाच्या सदस्याला सात प्रतिज्ञा घ्याव्या लागत. देशाचा विचार सर्वप्रथम करावा आणि आपल्यातील उत्तम ते त्याच्या सेवेला द्यावे. सेवेतून वैयक्तिक लाभ शोधू नये. सर्व भारतीयांना बंधू मानून जातिधर्माचा भेद न करता काम करावे. समाज आपल्यासाठी आणि आपल्या कुटुंबासाठी जी तरतूद करील तीत समाधान मानावे आणि स्वतःसाठी पैसा मिळवण्यात शक्ती खर्च करू नये. खासगी जीवन शुद्ध ठेवावे. कोणाशीही वैयक्तिक भांडण करू नये. समाजाचे उद्दिष्ट सदैव डोळ्यांपुढे ठेवून त्याचे हित जपावे.

यांतील चौथी प्रतिज्ञा वाचताना १८९० चे वर्ष आठवल्यावाचून राहत नाही. स्वतःसाठी कमावू नये, संस्था देईल त्यात भागवावे, ही टिळकांचीच मागणी होती. ज्या गोखल्यांच्या चिटणीसपदावरून टिळक बाहेर पडले, त्याच गोखल्यांनी पंधरा वर्षांनी स्वतःची संस्था काढताना ती मागणी निःसंदिग्ध शब्दांत लिहून ठेवली. फरक इतकाच की 'कुटुंबासाठी' हा शब्दही त्यांनी तेथे घातला, आणि त्या शब्दात आगरकरांची बाजू आली. भांडणासंबंधीची सहावी प्रतिज्ञाही कोठून आली असेल याचा अंदाज करणे कठीण नाही. गोखल्यांनी कोठे असे स्पष्ट लिहिले आहे म्हणून मी हे म्हणत नाही. दोन्ही संस्थांचे नियम शेजारी ठेवले की असे वाटते, एवढेच.

आणखी एक बदल त्यांनी केला. सोसायटीत सर्व सदस्य समान होते. समाजात प्रथम सदस्याच्या हाती मोठे अधिकार होते. नव्या सदस्याला पाच वर्षे उमेदवारी करावी लागे आणि त्या काळात जाहीरपणे बोलण्या-लिहिण्यावर बंधने असत. हा बदल निर्दोष होता असे म्हणवत नाही. अशा शिस्तीत आगरकरांसारखा माणूस किती दिवस टिकला असता? तरीही त्या शिस्तीतून निघालेले कार्य पाहावे. देवधरांनी १९०९ साली रमाबाई रानड्यांबरोबर पुण्याच्या सेवासदनाच्या उभारणीत वाटा उचलला. ना. म. जोशी कामगारांच्या संघटनेकडे वळले आणि १९२० साली निघालेल्या आयटकच्या संस्थापकांत होते. ठक्करबाप्पा १९१४ साली सदस्य झाले आणि आदिवासी व अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांत त्यांनी आयुष्य घालवले. संस्था लहानच राहिली, पण तिची माणसे दूरवर पोहोचली.

आजीव सदस्यत्वाची कल्पना इतरत्रही गेली. कर्व्यांनी १९०८ साली निष्काम कर्म मठ काढला तो अशाच व्रतस्थ कार्यकर्त्यांसाठी. १९१९ साली भाऊराव पाटलांनी स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेतही आजीव सदस्यांची परंपरा रुजली. आणि निघून जाण्याचा तो वारसाही पुन्हा एकदा दिसला. फेब्रुवारी १९१५ मध्ये गोखले वारल्यावर गांधींनी भारत सेवक समाजात येण्याची इच्छा दर्शवली. सदस्यांत त्यांच्याविषयी दोन मते पडली. आपल्यामुळे संस्था दुभंगू नये म्हणून गांधींनी आपला अर्ज मागे घेतला.

काय उरते?

गोखल्यांच्या निधनाचे वृत्त कळताच टिळक सिंहगडावरून पुण्यास आले आणि त्यांनी स्मशानात केलेल्या भाषणात त्यांचा मनापासून गौरव केला. हा प्रसंग मनाच्या मोठेपणाचे उदाहरण म्हणून नेहमी सांगितला जातो. त्याचा एक संस्थात्मक अर्थही आहे. पंचवीस वर्षांपूर्वीचे भांडण दोघांनीही तत्त्वावर ठेवले होते, म्हणूनच ते तत्त्वावरच संपू शकले.

सचोटी ही नेत्याच्या स्वभावात असून भागत नाही. ती नियमात उतरावी लागते आणि तो नियम प्रथम नियम करणाराला जाचावा लागतो. पंचाहत्तर रुपये हे वेतन संस्थापकांनी दुसऱ्यांसाठी ठरवलेले नव्हते. ते त्यांनी स्वतः घेतले आणि त्यातच त्यांच्या शब्दाचे वजन होते. धैर्याचे स्वरूपही एकच एक नसते. टिळकांचे धैर्य बाहेर पडण्यात होते, आगरकरांचे राहण्यात, गोखल्यांचे माफी मागून पुन्हा त्याच लोकांसमोर उभे राहण्यात. तिघांनाही त्याची किंमत स्वतः मोजावी लागली. संस्थेला ती मोजावी लागू नये, याची काळजी तिघांनी आपापल्या परीने घेतली.

प्रतिज्ञा लिहून ठेवल्या म्हणजे पुढच्या पिढ्या त्या पाळतीलच, असे अर्थातच नाही. कागद जपून ठेवता येतो. त्याचा जाच मात्र प्रत्येक पिढीला नव्याने पत्करावा लागतो. आज एखाद्या संस्थेच्या दालनात संस्थापकांच्या तसबिरी पाहताना त्यांच्या गुणांचे स्मरण करणे सोपे आहे. तेथील विद्यमान चालक स्वतःवर कोणता नियम लावून घेतात आणि तो मोडल्यास त्यांना कोण विचारू शकते, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. टिळकांनी तो १८९० साली लेखी विचारला होता.